पाठमोरी

‘पाठमोरी’ घरातून जाणार हे ठरायला अकरा महिने लागले, आणि त्यातले दहा महिने डॉक्टर आणि छोटी एकमेकांशी बोलत नव्हते. बाबा गेल्यावर त्यांच्या तीनशे रेकॉर्डी एका टेम्पोत बसून निघून गेल्या, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मागे राहिली ही एकच. बाकीच्या न्यायला आलेल्या दुकानदारानं ही हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि माणूस प्रामाणिक असल्यामुळे म्हणाला, “ही मला देऊ नका. ही मला परवडायची नाही.” त्या एका वाक्यानं या घराची जेवढी वाट लावली तेवढी बाबांच्या मरणानंही लावली नव्हती.

कव्हरवर चार लांबकेसे तरुण एका निळ्या दारासमोर उभे आहेत, आणि चौघांच्याही पाठी आपल्याकडे. म्हणून घरात तिचं नाव पाठमोरी. पाठी बघून रेकॉर्ड कोण विकत घेणार, असं कंपनीला उशिरा सुचलं. तिनं आठवडाभरात सगळी कव्हरं परत मागवली आणि चौघांना वळवून, तोंडं दाखवून नवा फोटो छापला. परत न गेलेल्या ज्या थोड्या प्रती जगात राहिल्या, त्यातली एक रेडिओ केंद्राच्या टाकाऊ खोक्यात पडली होती. बाबा त्या केंद्राच्या नोंदवह्या बांधत. खोक्यातलं हवं ते ने, असं तिथल्या बाईंनी सांगितलं आणि बाबांनी ही उचलली. गाण्यातला एक शब्द त्यांना कळत नसे. पण ढोल आणि गिटार कानठळ्या बसतील एवढ्या मोठ्यानं लावून ते वह्या शिवत, आणि शिलाई चुकत नसे.

तर ठरलं ते असं. पाठमोरीचे पैसे डॉक्टर आणि छोटी यांनी निम्मे निम्मे घ्यायचे, आणि खालचं पुस्तकबांधणीचं दुकान थोरलीच्या एकटीच्या नावावर करायचं. डॉक्टर म्हणजे मधला. तो दातांचा डॉक्टर होता आणि पदवी मिळाल्यापासून आईसुद्धा त्याला डॉक्टरच म्हणायची. छोटी त्रेचाळीस वर्षांची होती आणि वकील होती, तरी छोटीच राहिली होती. दुकानाचा कागद तिनंच तयार केला होता आणि तो आज रविवारी दुपारी दुकानातल्या मोठ्या टेबलावर, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, सह्यांची वाट बघत पडला होता.

थोरलीला तो कागद हवा होता. उगाच आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही, तिला तो फार हवा होता. एकोणिसाव्या वर्षापासून सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत ती या टेबलाशी उभी होती. बाहेरच्या पाटीवर आजोबांच्या काळापासून ‘पुस्तकबांधणी, वडील आणि मुलगा’ असं लिहिलेलं होतं. त्यातले वडील केव्हाच गेले, मुलगाही आता गेला, आणि पाटीखालून रोज कुलूप काढून आत जायची ती थोरली. पाटी रंगवणाऱ्याशी तिचं बोलणंसुद्धा झालं होतं. नवीन पाटीवर काय लिहायचं, हे मात्र तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

गिऱ्हाईक बरोबर तीनला आलं. गावात त्याचं चष्म्यांचं मोठं दुकान होतं आणि घरी, म्हणे, रेकॉर्डींसाठी वेगळी खोली. त्यानं खिशातून पांढरे मोजे काढून हातात चढवले, डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग लावलं आणि रेकॉर्ड बाहेर काढून तिरपी धरली.

“बाप रे,” तो म्हणाला. मग पाच मिनिटं ती उजेडात फिरवत राहिला.

डॉक्टरनं छोटीकडे पाहिलं. छोटीनं डॉक्टरकडे पाहिलं. वर्षभरात एकमेकांकडे बघून ते पहिल्यांदाच हसले.

“इथं बघा,” चष्मेवाला म्हणाला. गाण्याच्या रेघा संपून मधला कागद सुरू होतो तिथल्या गुळगुळीत पट्टीत हातानं कोरलेला एक बारीक आकडा होता. “हा आकडा असला म्हणजे पहिल्या साच्यातली. झालं. मला आणखी काही बघायचं नाही.” आणि असं म्हणून त्यानं कव्हरच्या पोटात एक छोटी बॅटरी घातली आणि आत डोकावून बघितलं.

“अरेरे,” तो म्हणाला.

“काय झालं?” डॉक्टर एकदम उठला.

“कव्हर आतून कुणीतरी दुरुस्त केलंय. वरची आणि खालची जोड उसवली असणार, तिथं कापडाच्या पट्ट्या लावल्यात. ते एक वेळ चालेल. पण मागच्या बाजूला आतून पूर्ण अस्तर चढवलंय. त्याखाली काय आहे? भोक आहे, ओल आहे, की दुसऱ्याच कव्हरचा पुठ्ठा आहे? मला कसं कळणार?” मग भिंग पुन्हा डोळ्याला लावून तो म्हणाला, “काम पण नवशिक्याचं आहे. फुगे राहिलेत.”

“आमच्या बाबांचं काम आहे ते,” थोरली म्हणाली. “त्यांच्या कामात फुगा नसतो.”

“तुम्हीच बघा की.”

तिनं बोट आत घालून फिरवलं. खरंच फुगे होते. एक, दोन, कोपऱ्यात तिसरा. बाबांच्या हातून असं काम? तिला चारचौघांत लाज वाटली, आणि बाबांचा थोडा रागही आला.

“अस्तर निघेल का?” चष्मेवाल्यानं विचारलं. “खालचा पुठ्ठा मूळचा आणि स्वच्छ निघाला तर बोललोय ती रक्कम या क्षणाला देतो. नाहीतर मला निम्म्याच्या वर जाता येणार नाही.”

“निघेल,” थोरली म्हणाली. “आमच्याकडे सगळं खळीनं चिकटवतात. पाणी दाखवलं की सुटतं. दीड तास लागेल.”

“ताई, नीट होईल ना?” डॉक्टर म्हणाला. “म्हणजे, फाटलं बिटलं तर…”

“तू दात काढतोस तेव्हा मी विचारते का?”

छोटी फिसकन हसली आणि ताईच्या बाजूला येऊन उभी राहिली. “अरे, तिचा हात आहे तो. गप्प बस जरा.”

थोरलीनं टीपकागद ओले केले, पिळल्यासारखे दाबले आणि कव्हरच्या पोटात एकेक करून सरकवले. हात काम करत होते आणि मनात मात्र काहीतरी वेगळंच चाललं होतं. काहीतरी चांगलं. अस्तराखाली काय असेल हे या खोलीत तिला एकटीला ठाऊक होतं. ओळ असेल.

या दुकानाची ती रीत होती. पणजोबांनी पाडलेली. मनापासून केलेल्या कामात, शेवटचा कागद डकवायच्या आधी, पुठ्ठ्यावर एक ओळ लिहायची. खरी. कुणाला सांगता येत नाही अशी. मग वर अस्तर चढवायचं. ते पुस्तक तीस-चाळीस वर्षांनी फाटून दुरुस्तीला परत आलं, तर जो उघडेल त्यानं ती वाचायची, तशीच झाकायची आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. थोरलीनं आजोबांच्या अशा कितीतरी ओळी वाचल्या होत्या. एका शब्दकोशात होतं, ‘आज मुलगा झाला, मला मुलगी हवी होती.’ एका जमीनमोजणीच्या वहीत होतं, ‘भावाचं सोनं मी घेतलं.’ बाबांची मात्र एकही ओळ तिच्या हाताला लागली नव्हती. बाबांची कामं चिवट, फाटत नसत. बाबा घरात कमी बोलत आणि तिच्याशी तर कामापुरतंच बोलत. मेल्यावर तरी काही बोलतील, असं तिला गेले अकरा महिने वाटत होतं, आणि हे असलं वाटणं सत्तावन्नाव्या वर्षी कुणाला सांगायचं?

जिन्यावरून काठीचा आवाज आला. आई खाली उतरत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची आई एरवी दिवसातून एकदाच उतरायची, तीही कुणाचा तरी हात धरून. आज एकटीच आली.

“काय करताय?” तिनं विचारलं. “अजून गेली नाही ती?”

“अस्तर काढतोय आई. खालचा पुठ्ठा बघायचाय त्यांना.”

“कशाला?”

“अगं, जास्त पैसे मिळतील.”

“निम्मे देतोय ना तो? घ्या आणि मोकळे व्हा.” आई खुर्चीत बसली. “ह्यांनी लावलंय ते. असू दे की तसंच. माणूस गेला नाही तोवर त्याचं काम उखडायला निघाले.”

“अकरा महिने झाले आई,” डॉक्टर म्हणाला.

“मग? अकरा महिन्यांत बाप शिळा होतो का?”

डॉक्टर कपाळाला हात लावून फेऱ्या मारू लागला. छोटी आईजवळ बसून तिचा हात कुरवाळत म्हणाली, “आई, तू वर जा. दमशील. आम्ही सांगतो तुला.” पण आई हलेना. तिची नजर टीपकागदांवरून हटत नव्हती. थोरलीला वाटलं, बाबांची आठवण येत असेल. तिला आईचा जरा कळवळाच आला.

चष्मेवाल्याला चहा दिला गेला. तो बिचारा या घरातल्या हवेनं अवघडून भिंतीवरच्या शिलाईच्या सुया मोजत बसला. डॉक्टरनं तेवढ्यात छोटीला कागदातलं एक कलम दाखवून विचारलं की दुकानामागचं अंगण यात कसं काय आलं, ते तर वेगळं धरायचं ठरलं होतं.

“कधी ठरलं होतं?”

“माझ्यात आणि ताईत.”

“माझ्याशी काही ठरलेलं नाही,” थोरली मान वर न करता म्हणाली.

“बघ!” छोटी म्हणाली. “तुला ना डॉक्टर, सगळ्यांच्या तोंडात हात घालायची सवय लागलीय.”

असा दीड तास गेला. पावणेपाचला थोरलीनं हाडाची पट्टी घेतली आणि पहिल्यांदा जोडांवरची कापडं सोडवली. ती सुटली तसं कव्हर पुस्तकासारखं टेबलावर उघडलं. डाव्या हाताला चौघांच्या पाठींचा आतला भाग, कोरा, पिवळट. उजव्या हाताला बाबांचं अस्तर. तिनं कोपऱ्यातून पट्टी घातली. अस्तर ओल्या सालीसारखं, न कुरकुरता वर येऊ लागलं. चष्मेवाला श्वास धरून उभा होता.

“मूळचाच पुठ्ठा आहे,” तो म्हणाला. “डाग नाही. वा! वा वा.”

आणि मग अस्तराच्या मधोमध कागदावर जांभळा रंग फुटला.

बाबांची ती जुनी पेन्सिल. कोरडी असताना करडी दिसायची आणि ओली झाली की जांभळी शाई व्हायची, आणि एकदा झाली की सात जन्म पुसली जात नसे. थोरलीनं अस्तर पूर्ण उचलून बाजूला ठेवलं. पुठ्ठ्यावर दोन बोटं रुंदीच्या जागेत एक लांब ओळ होती. अक्षर वेडंवाकडं, पोरासोरानं काढल्यासारखं, ओळ उजवीकडे खाली घसरलेली.

ते अक्षर बघूनच तिला साल कळलं, तारीख नंतर वाचली. त्या उन्हाळ्यात कागद कापायच्या यंत्रात बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. चार महिने ते डाव्या हातानं सगळं करत होते. म्हणून फुगे. म्हणून हे अक्षर.

तिनं वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग तिनं हाडाची पट्टी खाली ठेवली.

“काय लिहिलंय?” छोटीनं मान पुढे केली.

थोरलीनं तळहात ओळीवर आडवा धरला. रीत होती ती. वाचायचं आणि झाकायचं. तिनं आजवर एकदाही मोडली नव्हती. मग तिनं आईकडे पाहिलं. आईनं नजर खाली घातली, आणि थोरलीला एका क्षणात कळलं की आई आज एकटी जिना का उतरली.

“आई, इकडे ये,” ती म्हणाली. “हे वाच. मोठ्यानं वाच.”

“माझा चष्मा वर राहिलाय.”

चष्मेवाल्यानं लगबगीनं कोटाच्या खिशात हात घातला. “माझ्याकडे आहे ना, आजी. जवळचं वाचायचा आहे. घ्या, लावून बघा.” बिचाऱ्याचा हेतू चांगला होता.

आईनं चष्मा हातात घेतला आणि तसाच मांडीवर ठेवला.

“राहू दे,” थोरली म्हणाली. “तुला चष्म्याची गरजच नाही. तुला पाठ असेल.”

“ताई, काय चाललंय काय?” डॉक्टर म्हणाला.

मग थोरलीनंच वाचलं. आवाज अगदी साधा होता, गिऱ्हाइकाला पावती वाचून दाखवावी तसा. “‘नऊ जून. थोरलीचं पत्र आलं. निवड झाली आहे. दिलं नाही. ती गेली तर दुकान कोण बघणार.’”

रस्त्यावरून एक सायकल गेली तिची घंटी ऐकू आली.

डॉक्टर तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि छोटी पाच, त्यांना काय माहीत असणार. त्यांना एवढंच ऐकून ठाऊक होतं की ताईनं कधीकाळी कुठंतरी अर्ज केला होता आणि तिला घेतलं नाही. मोठ्या शहरातल्या संग्रहालयात जुन्या हस्तलिखितांची दुरुस्ती शिकवत. राहायचं तिथंच, शिकायचं तिथंच, आणि वर्षाला सहाच जण घेत. थोरलीनं त्यांना नमुना म्हणून एक पान पाठवलं होतं. वाळवीनं खाल्लेलं पान तिनं असं भरून काढलं होतं की उजेडात धरल्याशिवाय सांधा दिसू नये. त्या उन्हाळ्यात ती रोज अकरा वाजता दुकानाच्या पायरीवर पोस्टमनची वाट बघत उभी राही. जून गेला, जुलै गेला. ऑगस्टमध्ये बाबा म्हणाले, “नसेल झाली निवड. होतं असं. आपल्याकडे काय काम कमी आहे?” त्यानंतर तिनं ते पान भरायचं काम पुन्हा कधी केलं नाही. आपल्याला वाटतं तेवढा आपला हात चांगला नाही, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. अडतीस वर्षं समजावत होती. हेच तिला आता सहन होईना. गेलं ते शहर गेलं, संग्रहालय गेलं, पण आपण आपल्याच हाताला कमी लेखत आलो होतो.

“पत्र कुणी घेतलं?” तिनं विचारलं. “मी तर पायरीवर असायचे.”

“त्या दिवशी तू ह्यांच्या हाताची पट्टी बदलायला दवाखान्यात गेली होतीस,” आई म्हणाली. “मी घेतलं.”

“तू.”

“मला वाचता येतं, माहितीये ना? मी वाचलं आणि ह्यांच्या हातात दिलं. म्हटलं, तुम्हीच बघा काय ते.” आईचा आवाज चढला. “काय करायला हवं होतं मी? ह्यांचा हात गेलेला. हा एवढासा, ही त्याहून एवढीशी. घरात कमावतं कोण होतं? तू शिकायला गेली असतीस आणि आम्ही काय केलं असतं? सांग ना!”

“मला विचारायचं होतं.”

“विचारलं असतं तर गेली असतीस.”

“नसते गेले,” थोरली म्हणाली. “बाबांचा हात तसा असताना मी गेले नसते. पण माझी निवड झाली होती एवढं तरी मला कळलं असतं.”

आईनं मांडीवरचा चष्मा उघडला आणि मिटला.

छोटीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला. “वाईट झालं गं ताई. फार वाईट झालं. मला तर काही सुचतच नाहीये.” तशी ती मनानं वाईट नव्हती. “पण…”

त्या ‘पण’वर थोरलीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“पण आता बाबाही नाहीत,” छोटी म्हणाली. “कुणावर राग धरणार? आणि हे असं, बाहेरच्या माणसासमोर…”

“मी बाहेर थांबतो,” चष्मेवाला म्हणाला.

“नाही, थांबा तुम्ही,” डॉक्टर म्हणाला. “तुम्ही सांगा. ही ओळ आत असली तर काय?”

चष्मेवाला चांगलाच संकटात सापडला. “आता काय सांगू? पुठ्ठा मूळचा आहे, सुंदर आहे. पण एवढा जांभळा मजकूर… मी घेतली तरी पुढे कुणी घेणार नाही. वरचा पापुद्रा अलगद खरवडला, तर चालेल. नाजूक काम आहे. सगळ्यांना जमणार नाही.”

“ताईला जमेल,” डॉक्टर म्हणाला.

“ताईला नक्की जमेल,” छोटी म्हणाली.

वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारी ती दोघं आता टेबलाच्या एकाच बाजूला खांद्याला खांदा लावून उभी होती. थोरलीनं ते नीट पाहून घेतलं.

“खरवडू?” तिनं विचारलं.

“ताई, तसं नाही गं,” डॉक्टर म्हणाला. “आम्हाला वाईट वाटतंच आहे. पण ते तसंच ठेवून तरी काय होणार आहे? तुलाच त्रास. आणि बघ, हे झालं की लगेच सह्या. दुकान तुझं. अंगणासकट, जा. मी काही बोलत नाही. तुला हवं होतं ना ते दुकान?”

“हो रे,” थोरली म्हणाली. “हवं होतं.”

तिनं खणातून पात्याचा चाकू काढला. त्याला दगडावर दोनदा घासलं आणि अंगठ्यावर धार पाहिली. पोलादी पट्टी ओळीच्या वरच्या अंगाला टेकवली, डाव्या हातानं दाबून धरली. डॉक्टर निर्धास्त झाला, हे तिला न बघताच कळलं. दुकानात कुणाला इतका सरळ हात नव्हता. बाबांनाही नव्हता.

“थांबा, थांबा,” चष्मेवाला म्हणाला. “खरवडायला एवढा उभा चाकू…”

पातं पुठ्ठ्यातून आरपार गेलं. एक चीर वर, एक खाली, दोन बाजूंना दोन लहान. आवाजसुद्धा झाला नाही. थोरलीनं दोन बोटं रुंद, वीतभर लांब पट्टी अलगद उचलली. कव्हरच्या मागच्या बाजूला तेवढीच लांब खिडकी पडली होती आणि तिच्यातून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

“ताई!” छोटी ओरडली.

“माझा वाटा मी काढून घेतला,” थोरली म्हणाली. “उरलेली तुम्ही विका.”

चष्मेवाल्यानं हातातले मोजे काढले, घडी केली आणि खिशात ठेवले. आईच्या मांडीवरचा चष्मा मागायचं त्याला धाडस झालं नाही. कुणालाही नमस्कार न करता तो निघून गेला.

डॉक्टरचा चेहरा लालेलाल झाला होता. “हे मुद्दाम केलंस तू. अक्कल आहे का तुला? एका मोटारीची किंमत होती ती! ठीक आहे. मग आम्हीही सही करत नाही. कर काय करायचं ते. छोटे, तो कागद ठेव आत.”

छोटीनं फोल्डर उचलून पर्समध्ये घातला. दुपारी ती ताईच्या बाजूला उभी होती, हे तिलाही आता आठवत नसावं.

“ठेव,” थोरली म्हणाली. तिनं कमरेची किल्ली काढली आणि पाठमोरीच्या खिडकीत, त्या लाकडावर ठेवली. “दुकान तुम्हीच घ्या. मला ते कधी हवं होतं, हे मला आता आठवत नाही. मला वाटायचं, दुसरं कुठं कुणी घेतलं नाही म्हणून हे तरी आपलं असावं.”

“कुठं जाणार आहेस या वयात?” डॉक्टर म्हणाला.

ते तिलाही माहीत नव्हतं. तिनं पाण्यात हात बुडवून खळ धुतली आणि ते कोरडे केले. शाळेच्या चाळीस वह्या अर्ध्या शिवून पडल्या होत्या, सोमवारी द्यायच्या होत्या. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्या तशाच राहू दिल्या.

आई खुर्चीत पुढे सरकून बसली होती. तिला या सगळ्यातलं किती कळलं होतं कोण जाणे. ती किल्लीकडे बघत होती, मग अर्धवट वह्यांकडे, मग थोरलीकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खरोखरची काळजी होती.

“अगं पण,” ती म्हणाली, “तू गेलीस तर दुकान कोण बघणार?”

थोरलीनं पट्टी कोरड्या टीपकागदात गुंडाळली, कारण ती अजून ओली होती. मग रस्त्याकडचं दार उघडून ती पाटीखालून बाहेर पडली.